कॅथलिक विवाहाची वैधता आणि घटस्फोटानंतरचा पुनर्विवाह : अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आंतरधर्मीय विवाह आता नवलाचा राहिलेला नाही. वर किंवा वधू कॅथलिक असेल आणि दोघांपैकी एकाचा पूर्वी घटस्फोट झालेला असेल, तर चर्चमधील धर्मगुरूंच्या पहिल्याच भेटीत पूर्वीच्या विवाहाचे काय, असा प्रश्न पुढे येतो. पुण्याला वैदिक पद्धतीने झालेला आणि कौटुंबिक न्यायालयात रीतसर संपलेला विवाह. दोघेही हिंदू. त्या विवाहाशी कॅथलिक ख्रिस्तसभेचा संबंध काय, असे संबंधितांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कॅनन कायद्याच्या दृष्टीने तो विवाह वैध मानला जातो, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याने तो संपत नाही. हॉल ठरलेला, पत्रिका छापलेल्या, भारतातून येणाऱ्या आप्तांची तिकिटे काढलेली, आणि मग हे कळावे, असे होऊ नये यासाठी या नियमांची रचना व त्यामागील विचार समजून घेणे उपयोगाचे आहे.

मूळ भूमिका

लॅटिन परंपरेच्या कॅथलिकांना १९८३ ची कॅनन कायदा संहिता लागू आहे. तिच्या १०५५ व्या कलमानुसार विवाह हा स्त्री-पुरुषांनी आयुष्यभराच्या सहजीवनासाठी केलेला करार आहे. दोघेही बाप्तिस्मा घेतलेले असतील, तर तोच करार साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार ठरतो. दोघांपैकी एकाचा किंवा दोघांचाही बाप्तिस्मा झालेला नसेल, तर तो साक्रामेंत नसतो. तथापि तो खरा विवाह असतोच. त्यास नैसर्गिक विवाह म्हणतात. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम दांपत्यांचे विवाह याच वर्गात येतात. ख्रिस्तसभा त्यांना कमी लेखत नाही. उलट त्यांना खरे मानते, म्हणूनच त्यांच्याविषयी विचारणा करते.

१०६० वे कलम सांगते की विवाहास कायद्याचे अनुकूल गृहीतक लाभते. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत प्रत्येक विवाह वैध समजावा, असा त्याचा अर्थ. त्याला जोडून १०८५ वे कलम आहे : पहिला विवाह अवैध होता असे संबंधितांना कितीही वाटत असले, तरी ते अधिकृतरीत्या सिद्ध होण्यापूर्वी दुसरा विवाह करता येत नाही. हा निर्णय व्यक्तीने किंवा धर्मग्रामाच्या फादरांनी परस्पर घ्यावयाचा नसतो.

वैधतेच्या तीन कसोट्या

विवाह वैध होण्यासाठी पात्रता, संमती आणि विधी या तिन्ही गोष्टी लागतात. यांपैकी एकीत मूलभूत उणीव असल्यास विवाह मुळातच झाला नाही, असे ठरू शकते.

पात्रतेच्या आड येणाऱ्या गोष्टींना विवाहबाधा म्हणतात. आधीचा विवाह अस्तित्वात असणे, कायमची नपुंसकता, धर्मगुरुपदाची दीक्षा किंवा संन्यस्त जीवनाचे सार्वजनिक व्रत, जवळचे रक्ताचे नाते या त्यांतील प्रमुख. कॅथलिक आणि बाप्तिस्मा न घेतलेली व्यक्ती यांच्यातील धर्मभेद हीही बाधाच आहे; मात्र बिशपांच्या सवलतीने ती दूर होते. काही बाधा अशा सवलतीने हटतात, काही हटतच नाहीत. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. कॅथलिक व्यक्तीस मात्र चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडाशी विवाह करण्यास कॅनन कायद्याची बाधा येते आणि बिशपांची विशेष सवलत घ्यावी लागते. हा नियम ख्रिस्तसभेने आपल्या सभासदांसाठी केलेला आहे. म्हणून दोन हिंदूंनी अशा नात्यात केलेला विवाह केवळ या कारणाने अवैध ठरत नाही.

संमती हा विवाहाचा प्राण मानला जातो. वडीलधाऱ्यांनी स्थळ पाहून ठरवलेला विवाह अवैध नसतो. पण आईवडिलांच्या दबावापुढे मुलामुलीस दुसरा मार्गच उरला नसेल, तर ती भीतीपोटी दिलेली संमती ठरते आणि विवाह कोसळू शकतो. लग्नाच्या दिवशीच मनात एकनिष्ठता, कायमचे बंधन किंवा अपत्ये यांना ठाम नकार असेल, तर ती संमती दिखाऊ ठरते. केवळ ग्रीन कार्ड मिळावे म्हणून उभा केलेला विवाह याच कारणाखाली तपासला जातो. सहजीवनाला गंभीर धक्का देणारी एखादी गोष्ट संमती मिळवण्यासाठीच लपवली असेल, तर ती फसवणूक होय. पगाराचा आकडा फुगवून सांगणे सहसा एवढ्या गंभीर पातळीस पोहोचत नाही. १०९५ व्या कलमात मानसिक कारणे येतात : विवाहाच्या जबाबदाऱ्यांविषयी आवश्यक विवेकशक्तीचा गंभीर अभाव, किंवा मानसिक स्वरूपाच्या कारणामुळे त्या पार पाडण्याची असमर्थता. अमेरिकेतील बहुसंख्य प्रकरणे याच कलमाखाली चालत आली आहेत.

या सर्व प्रश्नांचा रोख विवाहाच्या दिवसावर आहे. दहा वर्षांनी झालेले प्रेमप्रकरण किंवा नंतर जडलेले व्यसन हे आपोआप कारण होत नाही. त्यातून आरंभीच्या संमतीविषयी काही सिद्ध होत असेल, तरच त्याचा उपयोग होतो. घटस्फोटाचे न्यायालय संसार का मोडला हे पाहते. धर्मन्यायालय तो विवाह म्हणून उभा राहिला होता का, हे पाहते.

विधीचा नियम आणि हिंदू मंगलकार्य

तिसरी कसोटी केवळ कॅथलिकांना लागू आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये गुप्त विवाहांना आळा घालण्यासाठी ठरवले की धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर झालेलाच विवाह वैध मानावा. १९०७ च्या रोमच्या हुकुमाने हा नियम पुढच्या वर्षापासून बहुतेक सर्व जगात सारखा लागू झाला. आज कॅथलिक व्यक्तीचा विवाह अधिकार असलेल्या धर्मगुरू किंवा डीकन आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावा लागतो. पौर्वात्य परंपरेच्या कॅथलिकांची संहिता निराळी आहे. तिच्यात धर्मगुरूंचा आशीर्वाद आवश्यक मानला आहे. २००१ मध्ये शिकागो येथे सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला असल्याने केरळी कॅथलिकांशी नाते जोडणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा भेद लक्षात ठेवावा.

याचा परिणाम असा : वसईच्या कॅथलिक तरुणीने चर्चची परवानगी न घेता न्यू जर्सीच्या मंदिरात सप्तपदी केली, किंवा भारतात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली, तर देशाच्या कायद्याने ती विवाहित असते, पण कॅनन कायद्याने तो विवाह विधीअभावी अवैध असतो. असा विवाह मोडल्यास मोठा खटला चालवावा लागत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, विवाहाची नोंद, घटस्फोटाचा हुकूमनामा आणि चर्चमध्ये विवाह झाला नसल्याचा पुरावा यांवर निर्णय होतो. संसार सुरू असेल आणि तो चर्चच्या दृष्टीनेही वैध व्हावा अशी इच्छा असेल, तर संमतीची पुनरुक्ती करून त्याचे वैधीकरण होते. जोडीदार पुन्हा विधी करण्यास राजी नसेल, तर मूळ संमती कायम आहे असे पाहून बिशप विवाहास मुळापासून वैधता देऊ शकतात.

आधीच विचारणा केल्यास मार्ग सोपा असतो. हिंदू जोडीदाराशी विवाह करण्यास धर्मभेदाची सवलत मिळते. त्यासाठी कॅथलिक व्यक्ती आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना बाप्तिस्मा व कॅथलिक संस्कार देण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन देते. हिंदू जोडीदाराकडून वचन घेतले जात नाही. त्याला किंवा तिला याची कल्पना असली म्हणजे पुरे. सबळ कारण असल्यास चर्चच्या विधीतूनही सूट मिळते, आणि मग मंगलाष्टके व सप्तपदी हाच वैध विवाह मानला जातो. मात्र सकाळी चर्चमध्ये आणि सायंकाळी मांडवात अशी दोनदा विवाहसंमती देण्यास ११२७ वे कलम मनाई करते. दोन्ही घरांचा मान राखायचा असेल, तर विवाहसंमती कुठे द्यावयाची आणि दुसरीकडे केवळ कौटुंबिक आनंदसोहळा कसा करावयाचा, हे फादरांशी बोलून आधीच ठरवणे श्रेयस्कर.

शून्यत्व आणि विच्छेद

बोलीभाषेत अमेरिकन कॅथलिक ज्याला ‘अनलमेंट’ म्हणतात, ती विवाहाच्या शून्यत्वाची घोषणा असते. विवाह आरंभापासूनच अवैध होता, असे ती सांगते. दोन बाप्तिस्मा घेतलेल्यांचा, शरीरसंबंधाने पूर्णत्वास गेलेला वैध विवाह मृत्यूखेरीज कोणत्याही मानवी सत्तेने तुटत नाही, असे ११४१ वे कलम म्हणते. त्यामुळे अशा दांपत्यासाठी पुनर्विवाहाचा एकच मार्ग उरतो, तो शून्यत्वाचा.

येथे प्रोटेस्टंट वाचकांनीही लक्ष द्यावे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगर येथे काम केले, आणि त्या परंपरेतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे आज अमेरिकेत आहेत. त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभा सामान्यतः मान्य करते, आणि दोन प्रोटेस्टंटांच्या विवाहास साक्रामेंत समजते. म्हणून घटस्फोटित प्रोटेस्टंट व्यक्तीस कॅथलिक व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह करावयाचा असेल, तर आधीच्या विवाहाचे शून्यत्व सिद्ध करावे लागते. दोघांपैकी एक जण हिंदू असता, तर त्यास आणखी एक वाट मोकळी राहिली असती. ती वाट म्हणजे नैसर्गिक विवाहाचा विच्छेद.

या विच्छेदाचा पहिला प्रकार संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायावर आधारलेला आहे. विवाहाच्या वेळी दोघांचाही बाप्तिस्मा झालेला नव्हता. नंतर एकाने तो घेतला आणि दुसरा सोडून गेला किंवा शांततेने नांदण्यास तयार नाही. अशा वेळी बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीस पुनर्विवाह करता येतो, आणि नव्या विवाहाच्या क्षणी जुने बंधन सुटते. महाराष्ट्रात धर्मांतरानंतर पतिपत्नींची ताटातूट होण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात खरोखरच उभा होता. अशा परित्यक्त धर्मांतरितांसाठी ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि संसार सावरला. असा समेट जिथे होत नाही, तिथे संत पौलाच्या नियमाचा विचार सुरू होतो.

दुसऱ्या प्रकाराचा इतिहास अमेरिकेशी निगडित आहे. १९२४ मध्ये मोंटाना राज्यातील हेलेना धर्मप्रांतातून रोमकडे एक अर्ज गेला. बाप्तिस्मा न झालेला पुरुष आणि अँग्लिकन स्त्री यांचा विवाह मोडला होता, आणि त्या पुरुषास कॅथलिक होऊन कॅथलिक स्त्रीशी विवाह करावयाचा होता. पोप अकरावे पायस यांनी श्रद्धेच्या हितासाठी पहिला विवाह विसर्जित केला. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथील प्रकरणात पोप बारावे पायस एक पाऊल पुढे गेले : कॅथलिक व्यक्तीने रीतसर सवलत घेऊन बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी केलेला विवाहही त्यांनी विसर्जित केला. आज या अर्जांसाठी २००१ चे नियम लागू आहेत. निदान एका जोडीदाराचा बाप्तिस्मा संसाराच्या काळात झालेला नसावा, संसार पुन्हा जुळण्याची शक्यता नसावी, आणि तो मोडण्यास अर्जदार प्रामुख्याने जबाबदार नसावा, या त्यांतील मुख्य अटी. बिशप चौकशी करतात, कागदपत्रे रोमला जातात आणि निर्णय स्वतः पोप घेतात.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या, पुण्यात विवाह झालेल्या घटस्फोटित हिंदू व्यक्तीस कॅथलिक जोडीदाराशी विवाह करावयाचा असल्यास तिच्यासाठी बहुधा हाच मार्ग असतो. त्यासाठी धर्मांतराची सक्ती नाही. पण धर्मांतर होणार नसेल, तर कॅथलिक जोडीदाराच्या श्रद्धेला आणि मुलांच्या संस्कारांना आडकाठी करणार नाही, अशी हमी मागितली जाते.

खटला कसा चालतो

शून्यत्वाचा अर्ज कोणासही करता येतो. अर्जदार कॅथलिकच असावा, अशी अट नाही. विवाह झाला त्या ठिकाणचे, दोघांपैकी कोणाच्याही निवासाचे, किंवा बहुतेक पुरावा जिथे मिळेल तिथले धर्मन्यायालय तो ऐकू शकते. त्यामुळे वसईत विवाह झालेल्या आणि एडिसनला राहणाऱ्या व्यक्तीस भारतात जाण्याची गरज नसते. मेटुचेन धर्मप्रांताच्या न्यायालयात अर्ज चालतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताकडून बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले मात्र मागवावे लागतात.

अमेरिकेतील धर्मन्यायालये साधारणतः नागरी घटस्फोट झाल्याखेरीज अर्ज घेत नाहीत. अर्जात विवाहपूर्व ओळख, दोन्ही घरांची पार्श्वभूमी, लग्न ठरण्याची हकीकत आणि आरंभीची वर्षे यांचे सविस्तर निवेदन लागते. त्या काळातील माणसांना ओळखणारे साक्षीदार द्यावे लागतात. भाऊबहिणी आणि महाविद्यालयातील मित्र यांची साक्ष अनेकदा मोलाची ठरते. मानसिक कारण असल्यास तज्ज्ञाचे मत घेतले जाते. विवाहबंधनाचा रक्षक नावाचा अधिकारी प्रत्येक प्रकरणात असतो. विवाह वैध होता असे दाखवणारे जे जे सांगता येईल ते मांडणे हे त्याचे काम.

पूर्वीच्या जोडीदारास नोटीस जातेच. नागपुरात किंवा नाशकात नव्याने आयुष्य उभे केलेल्या एखाद्या स्त्रीच्या हाती अमेरिकेतील धर्मप्रांताचे पत्र अचानक पडते, तेव्हा जुनी जखम पुन्हा उघडते. तिने हे जाणावे की तिला उत्तर देण्याचा, साक्षीदार आणण्याचा, पुरावा पाहण्याचा आणि निकालाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे. तिने भाग न घेतल्यास खटला थांबत नाही. घेतल्यास तिची बाजू नोंदली जाते. अर्जदाराने तिला आधी एखाद्या मध्यस्थामार्फत कल्पना दिली, तर कटुता बरीच टळते.

पहिल्या पातळीवरील खटला एका वर्षात संपावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात न्यायालयागणिक कालावधी बदलतो. अनेक अमेरिकन धर्मप्रांतांनी शुल्क रद्द केले आहे, आणि जिथे ते आहे, तिथेही न परवडणाऱ्यास नकार दिला जात नाही. निकाल अनुकूल लागेलच अशी खात्री कोणासही देता येत नाही. कधी निकालासोबत अटही येते : असमर्थतेचे कारण दूर झाल्याचे दिसेपर्यंत त्या व्यक्तीस पुनर्विवाहाची मनाई केली जाते.

मुलांविषयीची भीती मात्र निराधार आहे. ११३७ व्या कलमानुसार वैध किंवा सद्भावनेने वैध समजल्या गेलेल्या विवाहातील मुले औरसच असतात. शून्यत्वाच्या घोषणेने त्यांच्या दर्जात तिळमात्र फरक पडत नाही.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत या विषयाने दोन टोके पाहिली आहेत. १८८४ च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने घटस्फोटानंतर पुन्हा लग्न करणाऱ्या कॅथलिकांना आपोआप बहिष्कृत ठरवले होते. ती शिक्षा १९७७ मध्ये अमेरिकन बिशपांच्या विनंतीवरून पोप सहावे पॉल यांनी उठवली. दरम्यान १ जानेवारी १९७० पासून कॅलिफोर्नियात दोषाविना घटस्फोटाचा कायदा अमलात आला, आणि त्याच वर्षी रोमने अमेरिकेस सुटसुटीत कार्यपद्धती मंजूर केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला काही शेकडे निवाडे होत. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांची संख्या साठ हजारांच्या आसपास गेली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये रोटा या रोममधील उच्च धर्मन्यायालयास बजावले की संसारातील अडचण ही असमर्थता नव्हे.

या वादाला मानवी चेहरा मिळाला तो केनेडी प्रकरणाने. रॉबर्ट केनेडी यांचे पुत्र, काँग्रेस सदस्य जोसेफ केनेडी आणि शीला राउच यांचा विवाह १९७९ मध्ये झाला, त्यांना जुळी मुले झाली आणि १९९१ मध्ये घटस्फोट झाला. बॉस्टनच्या धर्मन्यायालयाने विवाह शून्य ठरवला. शीला स्वतः एपिस्कोपल पंथाच्या होत्या, घटस्फोट त्यांनी स्वीकारला होता. पण तो विवाह कधी झालाच नव्हता, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी १९९७ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि रोटाकडे दाद मागितली. रोटाने २००५ मध्ये बॉस्टनचा निकाल फिरवला. ही गोष्ट २००७ मध्ये जाहीर झाली. धर्मन्यायालयाचा निकाल गृहीत धरता येत नाही, आणि कॅथलिक नसलेल्या जोडीदाराचा आवाजही रोमपर्यंत पोहोचतो, हे या प्रकरणाने दाखवले.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ मधील सुधारणेने दोन अनुकूल निकालांची जुनी अट संपली. आता अपील न झाल्यास एकच निकाल पुरतो. दोघेही सहमत असतील आणि पुरावा उघड असेल, तर बिशपांसमोर संक्षिप्त खटलाही चालतो.

ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न

केवळ घटस्फोट झाला म्हणून कॅथलिक व्यक्तीस मिस्सेत ख्रिस्तप्रसाद नाकारला जात नाही. हा गैरसमज फार रुजलेला आहे. प्रश्न येतो तो चर्चच्या निर्णयाविना दुसरा विवाह केल्यावर. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये सांगितलेला नियम असा की अशा दांपत्यास विभक्त होणे शक्य नसेल, तर भावाबहिणीप्रमाणे राहिल्यासच ख्रिस्तप्रसाद घेता येतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ मधील पत्राने व्यक्तिगत परिस्थितीचा विवेक करण्यावर भर दिला आणि एका तळटीपेत काही प्रसंगी साक्रामेंतांच्या साह्याची शक्यता सूचित केली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे आर्चबिशप चार्ल्स शापू यांनी जुना नियम कायम असल्याचे मार्गदर्शन काढले, तर सान दिएगोचे बिशप रॉबर्ट मॅकेलरॉय यांनी विवेकाधारित वाटेला प्रोत्साहन दिले. एकाच देशात दोन धर्मप्रांतांत निराळी उत्तरे मिळू शकतात, ती यामुळे.

नागरी कायद्याशी संबंध

धर्मन्यायालयाच्या निकालाने पोटगी, मालमत्ता किंवा मुलांचा ताबा यांवर कोणताही परिणाम होत नाही. अमेरिकेत हे विषय राज्याच्या न्यायालयाचे आहेत. भारतातही तसेच आहे. ख्रिस्ती विवाहांचा घटस्फोट १८६९ च्या कायद्याखाली होतो, आणि परस्परसंमतीची तरतूद त्यात २००१ मध्ये आली. चर्चने विवाह शून्य ठरवला म्हणजे नागरी विवाह संपला असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात आणि पुन्हा जानेवारी २०१७ मध्ये क्लॅरेन्स पैस यांच्या याचिकेवर स्पष्ट केले. केवळ चर्चच्या निकालावर विसंबून भारतात दुसरे लग्न करणारा द्विभार्याप्रतिबंधाच्या कचाट्यात सापडू शकतो. गोव्यात पोर्तुगीज काळातील १९४६ च्या हुकुमाने चर्चच्या निकालास उच्च न्यायालयामार्फत नागरी परिणाम देण्याची वेगळी व्यवस्था केली होती; म्हणून ज्यांच्या विवाहाची नोंद गोव्यात आहे, त्यांनी तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा.

हिंदू विवाहाविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. तिरुपती येथे १९७५ मध्ये विवाह झालेल्या एका दांपत्याचा मिसुरी राज्यातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात, अमान्य केला. दुसऱ्या पक्षाने परदेशी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वेच्छेने स्वीकारले होते का, आणि घटस्फोटाचे कारण हिंदू विवाह कायद्यात बसते का, हे पाहिले जाते. म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या पुनर्विवाहास अमेरिकेचा कायदा, भारताचा कायदा आणि कॅनन कायदा अशा तीन स्वतंत्र कसोट्या असू शकतात, आणि एकीतील निकाल दुसरीत आपोआप चालत नाही.

तारीख ठरवण्यापूर्वी

विवाहाचा विचार पक्का होताच, हॉल किंवा पाहुणे ठरवण्याआधी धर्मग्रामाच्या फादरांची भेट घ्यावी आणि दोघांच्याही पूर्वीच्या प्रत्येक विवाहाची माहिती द्यावी. मंदिरातील, नोंदणी कार्यालयातील किंवा अल्पकाळ टिकलेला विवाहही वगळू नये. प्रत्येकाचा बाप्तिस्मा झाला होता का, कुठे व केव्हा, हे निश्चित करावे; प्रकरण शून्यत्वाचे, विच्छेदाचे की केवळ कागदपत्रांचे, हे बहुतांशी त्यावरच ठरते. बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेला असावा, कारण विवाह व शून्यत्वाच्या नोंदी त्याच वहीत चढतात. मराठीतील विवाह नोंदणी दाखला व न्यायालयाचा हुकूमनामा यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे. निर्णय हाती येईपर्यंत चर्च विवाहाची तारीख देत नाही, आणि तात्पुरती तारीख मागण्याचा आग्रहही करू नये. घटस्फोट अमेरिकेत आणि विवाह भारतात झाला असेल, तर भारतीय वकिलाचे मत याच टप्प्यावर घ्यावे.